वाफसा येऊ द्या

दोन रात्री सलग पाऊस झाला की तिसऱ्या दिवशी सकाळी गोगाबाबा टेकडीवर सायकली दिसू लागतात. जाड टायरच्या, खोल खाचांच्या, डोंगरात चालवायच्या सायकली. मीही त्या सायकलवाल्यांपैकीच एक. म्हणून आधीच सांगतो, हे लिखाण टेकडीवर सायकल चालवणाऱ्यांविरुद्ध नाही. ओल्या पायवाटेवर सायकल घालणाऱ्यांविरुद्ध आहे, आणि त्यात मीही आलो.

माझे अब्बा फजरच्या नमाजनंतर टेकडीच्या पायथ्याला फिरायला जातात. साखरेचा आजार आहे, चालणे हेच त्यांचे औषध. गेल्या पावसाळ्यात चार दिवस ऊन पडल्यावर, वाळून दगडासारख्या झालेल्या एका चाकोरीत त्यांचा पाय अडकला. घोट्याला प्लास्टर बसले, महिनाभर फिरणे बंद. त्याआधीच्या रविवारी, वाट भिजलेली असताना मी तिथूनच उतरलो होतो. ती चाकोरी माझ्याच सायकलची होती असे नाही, पण माझी नव्हती असेही मला म्हणता येत नाही.

मी कबुली दिली तेव्हा अब्बा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "वाफसा नै आया तो किसान बैल बी नै उतारता खेत में. तूने सायकल उतारी?" अब्बा घरात दखनी बोलतात, पण त्यांचे शेतीचे शब्द मराठीच आहेत. गाव सुटले, जमीन गेली, शब्द राहिले.

वाफसा म्हणजे काय, हे मराठवाड्यात कोणाला शिकवावे लागत नाही. पाऊस झाला म्हणून शेतकरी लगेच रानात औत घालत नाही. मूठभर माती दाबून गोळा करतो, कमरेच्या उंचीवरून खाली टाकतो. गोळा फुटला तर वाफसा आला. तसाच राहिला, चपटा झाला, तर घरी परत. कारण चिखलात घातलेले औत मातीची घडण मोडते, ढेकळे होतात आणि त्याचे नुकसान हंगामभर भोगावे लागते. पेरणीचा दिवस हुकण्याची भीती असतानाही शेतकरी थांबतो. आमची कसली पेरणी हुकते? रविवारचे दोन तास आणि मोबाइलवर टाकायचा चिखलाचा फोटो!

टेकडीवर एकच माती नाही. उतारावर मुरूम आहे, त्यातून पाणी लवकर निचरते. खाली सपाट, खोलगट जागी चिकट काळी माती आहे. ती पाणी धरते, फुगते आणि सुटता सुटत नाही. वरची वाट दुपारपर्यंत कोरडी झाली तरी खालची दोन-तीन दिवस ओली राहते. माणसाच्या किंवा शेळीच्या पावलाचा खड्डा सुटा असतो, पाणी त्यात थांबते. चाक मात्र वरपासून खालपर्यंत सलग रेघ ओढते. पुढच्या पावसाचे पाणी त्या रेघेत शिरते, वेग घेते, रेघेची घळ करते. मग आपण त्या घळीच्या बाजूने सायकल काढतो आणि बाजूचे गवत जाते. डबके टाळून कडेने गेलो तरी तेच. हातभर वाट अशीच बैलगाडीएवढी रुंद होते, आणि माती धरून ठेवणारी मुळे उरत नाहीत.

ही सुटलेली माती ओढ्या-नाल्यांतून खाम नदीकडे जाते. ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते, ते पाणीही दूरवरच्या जायकवाडीहून आणावे लागते, त्या शहराने आपल्या डोंगरांची माती अशी वाहू द्यावी? मलिक अंबरने १६१० साली खडकी वसवली, त्यानंतर नहर-ए-अंबरी बांधली. डोंगरात मुरलेले पाणी जमिनीखालून शहरात आणण्याची ती योजना होती. पाणचक्कीची नहरही डोंगरातल्या झऱ्यावरच चालली. पाणी मुरायला माती लागते. आपण नहरींचा अभिमान भाषणात मिरवतो आणि ज्या डोंगरांच्या जोरावर त्या वाहिल्या, ते रविवारी सकाळी चाकाखाली घालतो.

यावर मिळणारी उत्तरे मला पाठ आहेत, कारण मीही ती दिली आहेत.

"जेसीबी डोंगरच्या डोंगर खातात, ते दिसत नाही का?" दिसते. त्यापुढे सायकलचे नुकसान किरकोळ आहे, हेही खरे. पण उद्या त्या जेसीबीविरुद्ध अर्ज घेऊन जाणार कोण? टेकडीवर रोज जाणारेच ना? आपलेच हात चिखलाने भरलेले असतील, तर त्या अर्जाला वजन कसे येणार?

"चिखलातच तर मजा आहे." मग त्या दिवशी म्हैसमाळच्या डांबरी रस्त्याने जा, चढ भरपूर आहे. डोंगरी सायकलिंगची आंतरराष्ट्रीय संघटना १९८८ साली सायकलस्वारांनीच उभी केली. तिच्या नियमांतही हेच आहे, की ओली, मऊ वाट लवकर खराब होते, तेव्हा दुसरा पर्याय पाहा. अमेरिकेत अनेक उद्याने पावसानंतर अशा वाटा सरळ बंद ठेवतात. इथे कुलूप लावणारा कोणी नाही. म्हणून ते आपणच लावायचे.

तिसरे उत्तर सर्वांत घातक आहे. "पेव्हर ब्लॉक टाका, प्रश्नच मिटेल." मिटणार नाही. फरशीवरून पाणी मुरत नाही, कडेने धावते आणि कडा खाते. पावसाळ्यात तिच्यावर शेवाळ धरते आणि अब्बांच्या वयाची माणसे घसरतात. आपण वाट इतकी बिघडवायची की लोकांनीच काँक्रीट मागावे, हा तर टेकडी ठेकेदाराला स्वतःहून देण्याचा प्रकार झाला.

वाटेतली त्रास देणारी वस्तू दूर करणे हाही इमानचा भाग आहे, ही हदीस आपल्यापैकी प्रत्येकाने मकतबमध्ये ऐकली आहे. आपण तिचा अर्थ काटा, दगड, काच एवढाच घेतो. पण जो काटा आपणच पेरतो, त्याचे काय? चाकोरी ही वस्तू नाही, उचलून बाजूला टाकता येत नाही. ती न पाडणे एवढेच आपल्या हातात असते.

ज्या पडल्या आहेत, त्यांच्यासाठी फावडे लागेल. पावसाळ्याआधीच्या दोन रविवारी सायकली घरी ठेवून वाटेवर आडवे, तिरके चर खोदले, कडेला दगड लावले, तर पाणी वाटेवरून न धावता बाजूच्या गवतात उतरते. त्याला निधी लागत नाही, माणसे लागतात. आम्ही रविवारी आठ-दहा जण असतोच.

आणि पावसानंतर पायथ्याशी सायकलवरून उतरून पाहा. चाकाचा ठसा उमटून त्यात पाणी साचत असेल, तर मागे फिरा. अब्बा पुन्हा फिरायला लागले आहेत. आता नजर खाली ठेवून, काठी टेकत चालतात. पूर्वी ते मकबऱ्याकडे बघत चालायचे.