भांड्यावरचे नाव

वेरूळचे कैलास लेणे ‘कोरलेले’ आणि विहीर मात्र ‘खोदलेली’, असे का? माझ्या मते, खोदणाऱ्याला पोकळी हवी असते, कोरणाऱ्याला उरलेला दगड. (दात कोरणाऱ्याला काय हवे असते देव जाणे. पोट तर भरत नाही!)

भांड्यांच्या दुकानात मात्र या दोन्ही क्रियापदांना मज्जाव. तिथे नाव ‘घालतात’. चिठ्ठी समोर ठेवून कारागीर बारीक छिन्नीवर टकटक हातोडी मारतो आणि टिंबाटिंबांतून अक्षर उमटते. 1805 साली मिरजेस तांब्याच्या पत्र्यांवरून गीता छापली, तेव्हा कोरणाऱ्याला सगळी अक्षरे उलटी काढावी लागली होती. नाव घालणाऱ्याला तेवढा ताप नाही. हल्ली तर विजेची सुई थरथरते आणि काम झाले! पण छिन्नीच्या अक्षराचा ठसका त्यात नाही.

हे नाव कशासाठी? लग्नकार्यात आळीभरची भांडी एकत्र होत. ती आपापल्या घरी परत जावीत म्हणून. मुलींचे तसे नव्हते. आमची आजी लग्नात ‘लक्ष्मी’ झाली. तिचे माहेरचे नाव ना कुठल्या कागदावर, ना कुणाच्या तोंडी. आहे ते एका पितळी तांब्याच्या गळ्याखाली : ‘चि. गोदूस मामाकडून’.

तो तांब्या मोडीत घालून स्टीलचा डबा आणावा, असे घरात चालले आहे. तूर्त तो माझ्या पुस्तकांच्या कपाटात आहे आणि किल्ली माझ्या खिशात.