दोनाचे चार साचे झाले, मग दुसरा विणकर गेला कुठं?



नवं यंत्र आलं की मालकांच्या बाजूचे शहाणे लोक एकच पालुपद लावतात. म्हणे, यंत्राला विरोध करतो तो अडाणी. जग पुढं चाललंय आणि हे बसलेत मागं ओढत! हे ऐकून आपल्यातलाच एखादा मान खाली घालतो. का घालावी? १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवच्या सूतगिरणीची कंपनी काढली, तेव्हापासून कोकणातला नि घाटावरचा शेतकऱ्याचा पोर भोंग्यावर उठायला शिकला. साच्याच्या नुसत्या आवाजावरून कुठं काय बिघडलंय ते ओळखू लागला. यंत्राशी आपल्याइतकी सलगी कोणाची होती? यंत्राला आपण कधी भ्यालो नाही. आपलं भांडण आहे ते हिशेबाशी.

तो हिशेब शाळेत न गेलेल्यालाही कळेल असा आहे. धरा, चार साचे आहेत आणि दोन विणकर, प्रत्येकी दोन साचे. उद्या मालक म्हणाला, साचा सुधारला, सूत चांगलं दिलं, आता एकानंच चारही सांभाळावेत. बरं. कापड तेवढंच निघालं, किंबहुना जास्तच निघालं. पहिल्या विणकराला चार पैसे वाढवून दिले. दुसऱ्याला गेटाबाहेर काढलं. मग त्या दुसऱ्याची मजुरी गेली कुठं? हवेत तर विरली नाही! पहिल्याची जी किरकोळ वाढ झाली ती वजा करा, उरलेली रक्कम कोणाच्या तिजोरीत पडली ते तुमचं तुम्हीच पाहा. याच व्यवहाराला इंग्रजीत रॅशनलायझेशन असं भारदस्त नाव आहे.

१९२८ साली हेच झालं. विणकराकडं दोनाऐवजी तीन साचे आणि रिंगवाल्याकडं एकाऐवजी दोन बाजू देण्याचा घाट काही गिरण्यांनी घातला. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, सहा महिने, सुमारे दीड लाख कामगार बाहेर राहिले. हे लोक यंत्र फोडायला निघाले नव्हते. त्यांचा प्रश्न साधा होता : काम वाढलं, तर त्याचा मोबदला कोणाला आणि जो घरी बसेल त्याची चूल कोणी पेटवायची?

इथं एक कडू गोष्ट आपल्याच घरातली सांगायला हवी. त्या काळी विणखात्यात धोट्यातून सूत ओढायला तोंड लावावं लागे. विटाळाच्या नावाखाली तिथल्या सवर्ण विणकरांनी अस्पृश्य भावांना विणखात्यात येऊ दिलं नाही आणि जास्त मजुरीचं ते काम त्यांच्या हाती लागलं नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या संपाच्या काळात हाच सवाल संपाच्या पुढाऱ्यांपुढं टाकला. तोंड न लावता सूत ओवायचे धोटे परदेशात तेव्हा निघालेले होते. मालकांनी ते झटपट का आणले नाहीत? कारण त्यात माणूस कमी होत नव्हता, नुसती माणुसकी वाढत होती. आणि आपण तरी ते का मागितले नाहीत? याचं उत्तर ज्याचं त्यानं आपल्या मनाशी द्यावं.

बायांचं तर विचारूच नका. वायंडिंग आणि रीलिंग ही खाती एके काळी त्यांची. जलद चालणारी यंत्रं आली, पाळ्या वाढल्या, आणि कायद्यानं रात्रपाळी बायांना बंद. मग मालकाला तिन्ही पाळ्यांना चालणारा गडी सोयीचा झाला. बाई घरी गेली ती खानावळ चालवू लागली, दहावीस गड्यांचे डबे करू लागली. कागदावर ती ‘कमी झालेली कामगार’. तिनं रांधलेल्या भाकरीवरच गिरणी चालत होती, हे कुठल्या ताळेबंदात लिहिलेलं नाही.

आता कोणी म्हणेल, म्हणजे जुनीच यंत्रं ठेवायची काय? मुळीच नाही. १९५७ साली दिल्लीला पंधरावी भारतीय श्रम परिषद भरली. सरकार, मालक आणि कामगार एकत्र बसले आणि तीन गोष्टी कबूल झाल्या. असलेल्या कामगाराला काढायचं नाही आणि त्याची कमाई घटवायची नाही. होणारा फायदा समाज, मालक आणि कामगार यांच्यात न्यायानं वाटायचा. कामाचा बोजा किती, ते दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या तज्ज्ञांनी मोजायचं आणि कामाची परिस्थिती सुधारायची. बंधूंनो, याच्यापेक्षा शहाणपणाचं कोण काय सांगणार? कबूल झालं, छापलं गेलं आणि बस्तानात बांधून ठेवलं गेलं.

आपल्याला अडाणी म्हणणाऱ्यांनी मुंबईत काय केलं, तेही पाहा. कितीतरी गिरण्यांत आजोबांच्या वेळचे साचे चालवले, नफा दुसऱ्या धंद्यांत नेला आणि कापड भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या मागांवर स्वस्तात विणून घेतलं. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा मालकांना घाई नव्हती, कारण कापडापेक्षा जमीन महाग झाली होती. गिरण्यांखाली सुमारे ६०० एकर! १९९१ च्या नियमात तिचे तीन वाटे ठरले : एक शहराच्या मोकळ्या जागेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ साली नियम असा बदलला की वाटणी फक्त रिकाम्या जागेची, इमारतीखालची वगळून. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं तो बदल कायम केला. साच्याचा फायदा वाटून घ्यायचा राहिलाच, साच्याखालची जमीनही गेली.

२१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनवर गोळ्या सुटल्या, तेव्हा गिरणगाव छाती काढून उभं होतं. मुंबई भांडवलानं उभारली, सबब ती महाराष्ट्राची नव्हे, असं तेव्हा सांगत. आपण म्हटलं, घामानं उभारली. १ मे १९६० ला राज्य मिळालं. पण भाषेचं राज्य म्हणजे मंत्रालयावरची पाटी नव्हे. माझी रोजी ज्या कागदानं जाते तो कागद मला वाचता आला पाहिजे. १९६४ च्या कायद्यानं मराठी राजभाषा झाली. तरी कामाचा बोजा मोजणारा अहवाल आणि करारनामा अजून इंग्रजीतच येतो, आणि खाली सही मात्र आपली! साच्यावर आपल्या शेजारी उभा असलेला तेलंगणातला पद्मशाली आणि उत्तरेकडचा भय्या यांच्यासाठी तो त्यांच्या भाषेतही निघावा. ज्याची रोटी त्याची भाषा, यात कोणाचं काय बिघडतं?

कारण खेळ संपलेला नाही. भिवंडी-इचलकरंजीत बिनधोट्याचे माग आलेत, एकेका गड्याकडं पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त माग. शंभर कामगारांचा कारखाना बंद करायला किंवा त्यात कपात करायला पूर्वी सरकारची परवानगी लागे. २०२० ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि तो आकडा ३०० वर गेला. तारीख बघा, आपल्या हुतात्म्यांचीच! आता शेडशेडमधल्या पन्नास-साठ माणसांची दाद ३०० च्या आकड्याखाली कोण घेणार?

तेव्हा नव्या मागाची नोटीस लागली तर माग अडवू नका. नोटीस मराठीत मागा. किती माणसं कमी होणार, ती कुठं घेणार, वाढलेल्या उत्पन्नातला कामगाराचा वाटा किती, आणि बोजा मोजणारा माणूस कोणी नेमला, हे चार सवाल लेखी घाला. उत्तर आल्यावर ते खात्यात मोठ्यानं वाचून दाखवा, बदली कामगारालाही. त्याच्याशिवाय सही करू नका.