आधी जीव, मग उपदेश

“स्वतःच्या हातानं ओढवून घेतलं, आता भोगू दे.” केमसेक्सचा विषय निघाला की हे वाक्य हमखास ऐकू येतं. शिकल्यासवरल्या लोकांकडून येतं, डॉक्टरांकडूनही येतं. समलिंगी आणि उभयलैंगिक पुरुषांनी नशा करून तासन्‌तास, कधी दोन-दोन दिवस केलेला संभोग म्हणजे केमसेक्स. आपल्याकडच्या डेटिंग अ‍ॅपवर त्याला ‘हाय फन’ म्हणतात. त्यात मुख्यतः तीन पदार्थ असतात: मेफेड्रोन, म्हणजे पेपरांतल्या बातम्यांमधलं एमडी किंवा ‘म्याव म्याव’, क्रिस्टल मेथ, आणि जीएचबी किंवा जीबीएल, ज्याला नुसतं ‘जी’ म्हणतात. सगळे समलिंगी पुरुष हे करतात असं मुळीच नाही. पण जे करतात त्यांतले काही मरतात, आणि त्यांतले बरेच मृत्यू टाळता येण्यासारखे असतात.

तंबाखू खाऊन तोंडाचा कर्करोग झालेल्या माणसाला टाटा रुग्णालय ‘तुझं तू बघ’ म्हणून परत पाठवत नाही. मग हा निकष याच मुलांना का? कारण इथे राग नशेचा कमी आणि संभोगाचा जास्त असतो. उभं आयुष्य लपूनछपून काढलेल्या माणसाला नशेत काही तास लाज वाटेनाशी होते, कुणीतरी आपल्याला हवंसं मानतंय असं वाटतं. ही ओढ समजून न घेता नुसतं ‘सोड’ म्हणून काही सुटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीरपणे घेतला जातो: सुरक्षिततेची माहिती दिली की उत्तेजन मिळतं. महाराष्ट्राला हा आक्षेप नवा नाही. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं, तेव्हा त्यांनाही अनीती पसरवणारा म्हटलं गेलं. आपल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर खटले झाले. १९३४ मध्ये त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं होतं. आज त्या उत्तरांना कुणी अश्लील म्हणणार नाही. आपला कायदाही या आक्षेपाच्या पुढे गेला आहे. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याचं कलम २२ सांगतं, की एचआयव्हीचा प्रसार रोखण्यासाठी केलेला उपाय, मग ते कंडोम वाटणं असो की निर्जंतुक सुया देणं, गुन्हा ठरत नाही. मणिपूरसारख्या राज्यांत सुया वाटण्याचं काम सरकारी कार्यक्रमातूनच चालतं. मेथ किंवा एमडी टोचून घेणाऱ्या मुंबईतल्या मुलाला तीच वागणूक मिळावी, एवढंच मागणं आहे.

तिसरा आक्षेप घरातला आहे आणि तोच मला सगळ्यात जास्त टोचतो. आमच्यातलीच माणसं म्हणतात, “२०१८ मध्ये कुठे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ च्या जाचातून सुटलो, आता हे चव्हाट्यावर आणून बदनामी कशाला?” भीती खरी आहे. पण गप्प राहून बदनामी टळत नाही, फक्त मेलेल्यांची चौकशी होत नाही. लंडनच्या बार्किंग भागात २०१४-१५ मध्ये स्टीफन पोर्ट या माणसानं चार तरुणांना जीएचबी देऊन मारलं. प्रेतं एकमेकांपासून जवळच सापडत गेली, तरी पोलिसांनी अतिनशेनं झालेले मृत्यू म्हणून ती प्रकरणं गुंडाळली. पोलिसांच्या चुकांमुळे शेवटच्या तिघांचे जीव गेले असण्याचा संभव मोठा आहे, असा निष्कर्ष २०२१ मध्ये ज्यूरीनं काढला. याच लंडनमध्ये, सोहोतल्या ‘५६ डीन स्ट्रीट’ या दवाखान्यात डेव्हिड स्टुअर्ट यांनी केमसेक्सबद्दल उघडपणे, न हिणवता बोलणारी सेवा उभी केली. तिथे ‘सोडणार का?’ याआधी ‘तुला काय हवंय?’ हे विचारलं जाई. आपल्याला नेमकं हेच हवं आहे.

आता ‘हाय फन’ चाललेल्या एका खोलीत चला. पहाटेची वेळ. एक जण गादीवर पडलाय, घशातून घरघर आवाज येतोय. बाकीचे म्हणतात, “झोपू दे, उतरेल.” ही झोप नव्हे. ‘जी’ची झेपणारी आणि जीव घेणारी मात्रा यांत अंतर फार थोडं, आणि सोबत दारू असेल तर श्वास मंदावत थांबतो. हलवून जागा होत नसेल तर त्याला कुशीवर वळवायचं, एकटं सोडायचं नाही आणि १०८ ला फोन करायचा. काय घेतलंय ते डॉक्टरांना खरं सांगायचं.

फोन का होत नाही? पोलिसांच्या भीतीनं. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्यानं संरक्षण दिलं आहे. नशेनं बेशुद्ध पडलेल्या मित्रासाठी फोन करणाऱ्याला एनडीपीएस या अमली पदार्थविषयक कायद्यात तसं संरक्षण नाही. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला त्याच कायद्याचं कलम ६४अ सूट देतं, ती या मित्रापर्यंत वाढवली पाहिजे.

डॉक्टरांना ठाऊक हवं, की एचआयव्हीच्या उपचारांतलं रिटोनाविर हे औषध यांतल्या काही पदार्थांचा परिणाम धोकादायकरीत्या वाढवतं; की रोज ‘जी’ घेणाऱ्यानं ते एकदम बंद केलं तर झटके येऊ शकतात, म्हणून ते वैद्यकीय देखरेखीखालीच सोडवावं लागतं; की असुरक्षित संबंधानंतर एचआयव्ही टाळण्यासाठीच्या पीईपीच्या गोळ्या ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितक्या बऱ्या. आणि व्यसन सोडवायला आलेल्या मुलाचं समलिंगीपण ‘बरं’ करू पाहणारं केंद्र गैरवर्तन करतंय. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्येच तसं ठरवलं आहे.

हे वाचणाऱ्यांत त्या खोलीत बसलेला कुणी असेल, तर त्याला सांगणं एवढंच: व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६ हे सरकारी क्रमांक आहेत, दोन्ही मोफत. मोबाइलमध्ये आजच नोंदवून ठेव. आणि शेजारी पडलेल्याचा श्वास तपास.