दिव्याखालचा अंधार

ऐतिहासिक युद्धपटांविषयीची आपली चर्चा अलीकडे चुकांच्या यादीपाशी सुरू होते आणि बहुधा तेथेच संपते. डिसेंबर 2022 मध्ये 'वेडात मराठे वीर दौडले सात' या नियोजित चित्रपटाची पहिली झलक प्रसृत झाली, तेव्हा शिवछत्रपतींच्या महालातील झुंबरात विजेचे दिवे दिसले. महाराजांचे निधन 1680 मधले, एडिसनचा दिवा 1879 मधला. हे अंतर शाळकरी मुलालाही मोजता येत असल्याने हसणाऱ्यांना तोटा पडला नाही. मात्र 24 फेब्रुवारी 1674 रोजी प्रतापराव गुजर नेसरीला बहलोलखानावर अवघ्या सहा स्वारांनिशी का तुटून पडले आणि पराभवाच्या या कथेचे आपल्याला एवढे आकर्षण का वाटते, हे प्रश्न त्या हशात बुडून गेले. दिवा काढता येतो. तो काढल्यावर चित्रपट इतिहासनिष्ठ होतो, ही समजूत काढणे अवघड आहे.

चुका शोधणाऱ्यांचा हा उद्योग निरुपद्रवी वाटतो. माझ्या मते तो तसा नाही. वस्तुदोष दाखविणाऱ्याला आपण इतिहास जाणतो असे समाधान मिळते आणि दोष दुरुस्त करणाऱ्या निर्मात्याला प्रामाण्याचा दाखला मिळतो. दोघांच्या या देवघेवीत कथानकाचा कार्यकारणभाव तपासायचा राहूनच जातो. 14 फेब्रुवारी 2025 रोजी प्रदर्शित झालेला लक्ष्मण उतेकर दिग्दर्शित 'छावा' हे याचे ठळक उदाहरण होय. प्रदर्शनापूर्वी वाद झाला तो संभाजी महाराजांच्या लेझीम खेळण्यावर. हा आक्षेप मुळात इतिहासाचा नव्हता, औचित्याचा होता. दृश्य वगळण्यात आले आणि पुष्कळांना वाटले, इतिहासाचे रक्षण झाले.

रत्नागिरीत राहणाऱ्याला हा विषय दूरचा नाही. संगमेश्वर आमच्याच जिल्ह्यात आहे. कसब्याच्या संगमावर, कर्णेश्वराच्या मंदिरापाशी उभे राहिले की चहूबाजूंचे डोंगर दिसतात आणि 1689 च्या फेब्रुवारीच्या आरंभी मुकर्रबखान कोल्हापूरकडून सह्याद्री उतरून येथवर आला कसा, हा प्रश्न आपोआप पडतो. चित्रपटाला हा प्रश्न पडत नाही, कारण त्याच्यापाशी उत्तर तयार आहे: गणोजी आणि कान्होजी यांनी वाट दाखविली. साधने एवढे निःशंक नाहीत. कवी कलशाशी शिरक्यांचे वैर, कलशाचे खेळण्यास म्हणजे विशाळगडास जाणे, राजांची शिरक्यांशी झालेली लढाई आणि रायगडाच्या वाटेवर संगमेश्वरी झालेली कैद हा क्रम जेधे शकावलीत आहे. पण वैराची नोंद म्हणजे फितुरीचा पुरावा नव्हे. पुष्कळ वर्षांनी लिहिणारा खाफीखान तर बातमी आणण्याचे श्रेय खानाच्या हेरांना देतो.

शिरके घराण्याच्या वंशजांनी आक्षेप घेतला तेव्हा दिग्दर्शकांनी दिलगिरी व्यक्त केली आणि खुलासा केला की चित्रपटात केवळ नावे आहेत, आडनाव वा गाव यांचा उल्लेख नाही. समीक्षेच्या दृष्टीने हा खुलासा मोलाचा आहे. नाव हे चिन्ह ऐतिहासिक व्यक्तीकडे निर्देश करते म्हणूनच कथानकाला त्याचा उपयोग होतो. तो उपयोग पुरता करून घ्यायचा आणि जाब विचारताच निर्देश नाकारायचा, असा हा व्यवहार आहे. तिकीटबारीवर इतिहास, आक्षेप येताच शिवाजी सावंतांची कादंबरी! कलावंताचे स्वातंत्र्य मलाही मान्य आहे. पण प्रेक्षकाशी केलेला करार मध्येच बदलण्याची मुभा त्यात येत नाही. प्रेक्षकाने कोणता करार गृहीत धरला होता, हे मार्च 2025 मध्ये बऱ्हाणपूरजवळच्या असीरगड परिसरात दिसले: मोगलांचा खजिना सापडेल म्हणून लोक रात्री शेते खणू लागले. कादंबरी वाचून कोणी कुदळ उचलत नाही.

फितूर एकदा सापडला की विचार थांबतो. गणोजी हे शिवछत्रपतींचे जावई आणि येसूबाईंचे बंधू. त्यांच्या तक्रारीच्या मुळाशी दाभोळच्या देशमुखीचे वतन होते. वतन देणे न देणे हा स्वराज्याच्या राज्यव्यवस्थेतला कळीचा पेच होता आणि त्यावर एक थोर शोकांतिका उभी राहू शकली असती. चित्रपटाने पेच टाकून दिला आणि खलनायक तेवढा ठेवला.

आपल्या वाङ्मयाचा पूर्वेतिहास पाहता यात नवल नाही. गडकऱ्यांच्या अपूर्ण 'राजसंन्यास'ने राज्याच्या नाशाचे कारण संभाजीराजांच्या विलासात शोधले. वा. सी. बेंद्रे यांनी 1960 मध्ये आणि पुढे कमल गोखले यांनी कागदपत्रांच्या आधारे ही प्रतिमा मोडीत काढली. त्या संशोधनाचे ऋण मोठे आहे. परंतु लोकप्रिय कथनाने त्यातून निष्कर्ष उचलला, पद्धत उचलली नाही. पूर्वी दोष राजाच्या शीलात होता, आता तो मेहुण्याच्या शीलात आहे. इतिहास म्हणजे कोणाच्या तरी दुर्गुणाची कथा, हा साचा अभंग राहिला. जानेवारी 2017 मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातील गडकऱ्यांचा पुतळा उखडणाऱ्यांनाही याच साच्याने एक गुन्हेगार पुरविला होता. शिरक्यांच्या वंशजांना आज जे भोगावे लागते, त्याची जात वेगळी नाही.

मार्च 2025 च्या अर्थसंकल्पात राज्य शासनाने संगमेश्वरी स्मारक उभारण्याची घोषणा केली. स्मारक अवश्य व्हावे. त्याच्या शिळेवर कैदेचे कारण कोरण्याची वेळ येईल, तेव्हा छिन्नीपुढे जेधे शकावली ठेवायची की पटकथा, हे ठरवावे लागेल. झुंबरातले दिवे मोजत बसलेली समीक्षा त्या वेळी कोणाच्याही उपयोगी पडणार नाही.