चर्चिल डाऊन्सची प्रदक्षिणा

घोड्यांच्या शर्यतीचें मैदान हें कांहीं आमच्या वयाच्या गृहस्थानें सुटींत मुद्दाम पाहावयास जाण्याचें स्थळ नव्हे, असें पुष्कळ वाचकांस वाटेल. परंतु अमेरिकेंत चिरंजीवांकडे दोन महिने राहणें झालें, आणि केंटकी संस्थानांतील लुईव्हिल शहरीं जाऊन चर्चिल डाऊन्स न पाहणें म्हणजे पंढरपुरास जाऊन चंद्रभागा न पाहणें, असें सूनबाईंचें मत पडलें. शर्यतीचा दिवस नव्हता; तेव्हां पैजेच्या मोहाचाहि प्रश्न नव्हता.

मैदानालगत संग्रहालय आहे. त्याचें तिकीट काढलें म्हणजे वाटाड्या मंडळीस आंत नेतो. प्रेक्षकांच्या सज्जावर १८९५ सालीं उभारलेले दोन निमुळते मनोरे, व समोर एक मैल घेराचा मातीचा मार्ग. 'केंटकी डर्बी' ही शर्यत १८७५ पासून येथें होत आली आहे. पूर्वीं ती दीड मैलाची होती, १८९६ पासून सव्वा मैलाची झाली. तीन वर्षांचे घोडे धांवतात आणि दोन मिनिटांच्या आंतबाहेर सारा खेळ आटोपतो. तेवढ्यासाठीं लाखावर माणूस जमतें!

पैजेची रीत मोठी मौजेची. सर्वांचा पैसा एका राशींत पडतो. मैदानाचे चालक व सरकार आपापला भाग आधीं काढून घेतात, व उरेल तो जिंकणारांत वाटला जातो. म्हणजे घोडा कोणताहि येवो, चालक कधीं हरावयाचे नाहींत. आम्हीं आयुष्यभर मुलांस हिस्सेराशि शिकविली. याहून बोधप्रद उदाहरण आम्हांस सांपडलें नव्हतें.

वनपर्वांतील नलोपाख्यान वाचकांस आठवत असेलच. नळ अश्वविद्येंत निपुण, ऋतुपर्ण अक्षविद्येंत. दोघांनीं आपापली विद्या परस्परांस दिली. घोडा आणि द्यूत यांची सांगड इतकी जुनी आहे. पण आम्हांस ती कथा आठवली ती निराळ्याच कारणानें. नळ तेव्हां बाहुक या नांवानें सारथि म्हणून राहिला होता, आणि रथ असा वाऱ्यासारखा हांकणारा हा पुरुष कोण, हें त्याच्या धन्यास ठाऊक नव्हतें.

पहिली डर्बी ॲरिस्टिडीज नांवाच्या घोड्यानें जिंकली. त्यावर ऑलिव्हर लुइस हा कृष्णवर्णी स्वार होता. त्या दिवशीं धांवलेल्या १५ स्वारांपैकीं १३ कृष्णवर्णीच होते, आणि घोडा तयार करणारा ॲन्सेल विल्यमसन तर जन्मानें गुलाम. पहिल्या २८ डर्ब्यांपैकीं १५ अशाच स्वारांनीं जिंकल्या. त्यांतल्या तीन एकट्या आयझॅक मर्फीनें. आणि १९०२ नंतर एकहि नाहीं! विद्या का आटली? मुळींच नाहीं. गोऱ्या स्वारांनीं संगनमत करून त्यांस कठड्याकडे दाबावें, मालकांनीं काम देणें बंद करावें, असा तो प्रकार होता. १९०१ व १९०२ चा विजेता जिमी विंकफील्ड रशियांत गेला, तेथें त्यानें मोठा लौकिक मिळविला, व राज्यक्रांतीनंतर फ्रान्स गांठला. १९६१ सालीं डर्बीनिमित्त भोजनाचें आमंत्रण घेऊन तो म्हातारपणीं याच शहरीं आला, तों दरवाजावरच त्यास अडविण्यांत आलें.

हें ऐकून बरोबरची मंडळी हळहळली. आम्ही कांहीं बोललों नाहीं. महाडचें चवदार तळें आमच्याच प्रांतांत आहे, आणि १९२७ साल कांहीं फार दूरचें नव्हे.

घोड्यांविषयीं मात्र येथील लोकांची कृतज्ञता खरोखर थोर! संग्रहालयाच्या बागेंत डर्बी जिंकलेल्या घोड्यांचीं थडगीं आहेत. प्रवेशद्वाराबाहेर बार्बारो नामक घोड्याचा पुतळा आहे. चारी पाय भूमीपासून सुटलेले, असा तो घडविला आहे. २००६ ची डर्बी जिंकल्यावर दोनच आठवड्यांनीं दुसऱ्या शर्यतींत त्याचा पाय मोडला, व २००७ च्या जानेवारींत त्याचा अंत झाला. त्याची रक्षा त्या पुतळ्याखालीं आहे.

मर्फी १८९६ सालीं लेक्सिंग्टन येथें वारला. त्याचें थडगें पुढें विस्मृतींत गेलें, तें साठ-सत्तर वर्षांनीं कोणा शोधकानें हुडकून काढलें. १९६७ सालीं त्याच्या अस्थि हलविल्या त्या 'मॅन ओ' वॉर' या विख्यात घोड्याच्या शेजारीं! आतां दोघेहि लेक्सिंग्टनजवळच्या केंटकी हॉर्स पार्क या उद्यानांत आहेत. लुईव्हिलहून तें सुमारें पाऊणशें मैल. चिरंजीवांची रजा संपली होती, म्हणून तिकडे जाणें घडलें नाहीं.