गाभाऱ्यातला अंधार राहू द्या

रेवसच्या धक्क्यावर लाँचमधून उतरून अलिबागच्या वाटेला लागले की मापगावजवळ कनकेश्वराचा डोंगर येतो. आंग्र्यांच्या काळात बांधलेल्या शेकडो पायऱ्या चढायच्या, वर पुष्करणी, आणि मग देऊळ. महादेवाला भेटायला वेळ लागतो, आणि तो लागावा अशीच ही योजना.

देवळाच्या आतही हेच शास्त्र असते. खाली जोते, त्यावर मंडोवर म्हणजे कोरीव भिंत, वर शिखर, आमलक, कळस. ही नावे विसरलात तरी चालेल. आतला क्रम मात्र विसरू नये. आधी उजेडाचा मंडप, मग अंतराळ नावाची अरुंद, अर्धउजेडाची जागा, शेवटी गाभारा. १०६० सालच्या अंबरनाथच्या शिलाहारकालीन देवळात तर मंडपातून पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जावे लागते. डोळे अंधाराला सरावतात, आवाज आपोआप खाली येतो, आणि तेव्हा कुठे पिंडी दिसते.

जीर्णोद्धाराच्या उत्साहात गावोगाव नेमके हेच पुसले जात आहे. काळ्या दगडाला ऑइलपेंट, गाभाऱ्यात पांढऱ्या टाइल्स, डोक्यावर झगझगीत दिवे. (देणगीदारांची नावे मात्र संगमरवरात!) गर्दी वाढली आहे, छप्पर गळते, हे खरेच. गळती काढा, बाहेर खुशाल मांडव वाढवा. पण दर्शन सोयीचे व्हावे म्हणून अंतराळाच्या भिंतीला हात लावू नका. वर्गणी मागायला मंडळी दारात आली, तर पावती फाडण्याआधी त्यांच्याकडून नकाशा मागून घ्या आणि त्यात अंतराळ कुठे आहे ते बोट ठेवून दाखवायला सांगा.