जळगावची चौफुली आणि पादचाऱ्याचा हक्क

जळगाव शहरातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावरील चौफुल्यांची पुनर्रचना हा विषय आता केवळ अभियंत्यांच्या अखत्यारीतला राहिलेला नाही. अजिंठा चौफुलीवर उड्डाणपूल हवा की भुयारी मार्ग, इच्छादेवी आणि आकाशवाणी चौकांचे काय करावे, यावर शहरात वर्षानुवर्षे हिरिरीने वाद होत आले आहेत. या वादात एक मूलभूत प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. चौफुली सुधारायची ती महामार्गावरून पुढे निघून जाणाऱ्यासाठी, की तो महामार्ग रोज ओलांडणाऱ्यासाठी? या प्रश्नाचे उत्तर आधी ठरल्याशिवाय कोणताही आराखडा निर्दोष होणे शक्य नाही.

हा महामार्ग एके काळी गावाबाहेरून जात असे. पुढे गाव वाढले आणि महामार्ग गावाच्या पोटात आला. २०११ च्या जनगणनेत जळगावची लोकसंख्या ४ लाख ६० हजारांवर गेली होती. रेल्वे स्थानक, बाजारपेठ, जिल्हाधिकारी कचेरी, मूळजी जेठा महाविद्यालय हे सारे महामार्गाच्या एका अंगाला, तर रामानंदनगर, महाबळ, मेहरूण या वस्त्या दुसऱ्या अंगाला. म्हणजे शाळेत जाणाऱ्या मुलापासून कचेरीतल्या कारकुनापर्यंत हजारो माणसांना दिवसातून दोनदा तरी अवजड वाहनांच्या रांगेतून वाट काढावी लागते. अजिंठा चौफुलीवर तर धुळे-भुसावळचे ट्रॉले, अजिंठ्याकडून येणारी एस.टी., बाजार समितीकडे निघालेला शेतकऱ्याचा ट्रॅक्टर आणि औद्योगिक वसाहतीत पाळीला जाणारा सायकलस्वार कामगार यांची एकाच ठिकाणी गाठ पडते.

महामार्गाच्या दुतर्फा समांतर रस्ते व्हावेत, ही जळगावकरांची मागणी म्हणूनच रास्त होती. २०१८ च्या सुमारास त्यासाठी नागरिकांना रस्त्यावर उतरावे लागले. त्यानंतर रुंदीकरण झाले, प्रभात चौक, दादावाडी अशा ठिकाणी भुयारी मार्ग झाले, हे मान्य केले पाहिजे. परंतु समांतर रस्ता सलग नसेल, तर तो नसल्यातच जमा असतो. नाल्यापाशी किंवा एखाद्या अतिक्रमणापाशी तो संपला, की दुचाकीस्वार पुन्हा मुख्य रस्त्यावर येतो, आणि तोही पुष्कळदा उलट दिशेने.

चौफुली धोक्याची का असते, याचे शास्त्र अवघड नाही. दोन रस्ते समपातळीवर एकमेकांना छेदतात तेथे वाहनांचे मार्ग एकमेकांशी भिडण्याच्या ३२ जागा निर्माण होतात. मध्ये वर्तुळ केले की त्या आठावर येतात. पण वर्तुळालाही मर्यादा आहे. ताशी सुमारे ३,००० वाहनांपलीकडे वर्तुळाकार चौक नीट काम देत नाही, असे भारतीय रस्ते काँग्रेसने १९७६ सालीच आपल्या मार्गदर्शक नियमांत नमूद केले आहे. शिवाय वर्तुळामुळे वाहने थांबत नाहीत, ती सतत फिरत राहतात. चालकाला ही सोय वाटली, तरी पायी चालणाऱ्याला रस्ता ओलांडायला निश्चित अशी वेळच मिळत नाही.

यावर उड्डाणपूल हाच उपाय, असे अनेकांचे म्हणणे आहे. लांब पल्ल्याची वाहतूक वरून गेली की खालचा चौक मोकळा होईल, या युक्तिवादात तथ्य नाही असे नाही. परंतु पुण्याच्या चांदणी चौकाचा अनुभव ताजा आहे. तेथील जुना पूल २०२२ च्या ऑक्टोबरात स्फोटकांनी पाडण्यात आला आणि १२ ऑगस्ट २०२३ रोजी नव्या बहुमजली रचनेचे उद्घाटन झाले. वाहनांसाठी प्रशस्त मार्ग झाले, पण पायी माणसाने पलीकडे जायचे कोठून, हा प्रश्न लोकांनी विचारू लागल्यावर पादचारी पुलाची धावपळ सुरू झाली. एवढ्या मोठ्या योजनेत पादचारी शेवटी आठवावा, हा निव्वळ विसराळूपणा नव्हे. मोजणी वाहनांची होते, माणसांची होत नाही, याचा तो परिणाम आहे. देशात २०२२ साली रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत दुचाकीस्वार ४४ टक्क्यांहून अधिक आणि पादचारी जवळजवळ एकपंचमांश होते. ज्यांच्यासाठी आराखड्यात सर्वांत कमी जागा, त्यांचेच बळी सर्वाधिक!

पाळधी ते तरसोद या बाह्यवळणाने सारे प्रश्न सुटतील, असे मानणेही भाबडेपणाचे ठरेल. बाह्यवळण ट्रॉला बाहेर नेईल, महाबळहून बाजारात जाणारी स्कूटर नेणार नाही. याबाबतीत शेजारच्या धुळ्याकडे पाहावे. मुंबई-आग्रा मार्ग एके काळी धुळे शहरातून जात असे. त्याची आठवण देणारा आग्रा रोड ही आज तेथील गजबजलेली बाजारपेठ आहे. महामार्ग बाहेर नेला, आणि शहर वाढत वाढत त्याच्यापाशी जाऊन पोहोचले. आता पारोळा आणि चाळीसगाव रस्त्यांच्या चौफुल्यांवर तीच गर्दी आहे. बाह्यवळणाच्या कडेची जमीन आजच आवरली नाही, तर जळगावलाही वीस वर्षांनी नवी अजिंठा चौफुली लाभेल.

तेव्हा कामाचा क्रम बदलला पाहिजे. प्रथम तिन्ही चौकांत आठवडाभर माणसांची मोजणी व्हावी. पादचारी, सायकलस्वार, शाळकरी मुले यांची गणना त्यात असावी आणि तिचे आकडे जाहीर व्हावेत. त्यानंतर समांतर रस्ते नाल्यांवरील पुलांसह सलग पूर्ण करावेत. एस.टी. आणि रिक्षांचे थांबे चौकाच्या तोंडावरून पुढे न्यावेत. भुयारी मार्ग रुंद व उजेडाचे असावेत आणि पावसाळ्यात त्यांतून पाणी उपसण्याची जबाबदारी कोणाची, हे आधीच लिहून ठेवावे. एवढे झाल्यावर अजिंठा चौफुलीवर उड्डाणपुलाची गरज उरली, तर तो अवश्य बांधावा; पण त्याखालून चालत जाणाऱ्याची वाट त्याच निविदेत असली पाहिजे. महामार्ग प्राधिकरण, महापालिका आणि वाहतूक पोलीस यांनी एकमेकांकडे बोट दाखवण्याची सोय राहू नये, म्हणून या कामासाठी जिल्हाधिकाऱ्यांना उत्तरदायी करावे.

यातील एकही सूचना अवाढव्य खर्चाची नाही. उड्डाणपुलाच्या कोनशिलेचा समारंभ होतो, समांतर रस्त्यावरच्या मोरीचा होत नाही, एवढीच काय ती अडचण. औद्योगिक वसाहतीतून रात्रपाळी संपवून सायकलवर निघालेला कामगार सुखरूप घरी पोहोचावा, यासाठी त्या मोरीचे काम आधी झाले पाहिजे.